शाळा सुटली, वारा सुटला आणि अलार्म वेंट ऑफ : फ्रेजल व्हर्ब आपल्या पद्धतीने कसे शिकायचे

मी नाशिकच्या अंबडला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. सात-आठ वर्षांपूर्वी बाहेरच्या देशातल्या एका कस्टमरचा फोन आला, त्यांच्याकडे आमचं पॅनल बसवलेलं होतं, आणि तो माणूस म्हणाला, "द अलार्म वेंट ऑफ ॲट टू इन द मॉर्निंग." मी डायरीत छान अक्षरात लिहून घेतलं, रात्री दोनला अलार्म बंद पडला. मग काय, दोन दिवस आम्ही इथे बसून ड्रॉइंग काढतोय, हूटर बघतोय, रिले बघतोय, बॅटरीचं व्होल्टेज विचारतोय, आणि तिकडे तो माणूस वैतागलेला की बाबांनो अलार्म अगदी वेळेवर वाजलाय, टेंपरेचर का वाढलं तेवढं सांगा! साहेब काही बोलले नाहीत, नुसते हसले, ते जास्त लागलं.

अलार्मच्या बाबतीत गो ऑफ म्हणजे वाजणे. पण आपल्या डोक्यात ऑफ म्हणजे बंद, हे लहानपणी पंख्याच्या बटणापासूनच बसलेलं असतं. बरं, गंमत अशी की "द लाईट्स वेंट ऑफ" म्हणजे मात्र लाईट गेली, म्हणजे तिथे ऑफ म्हणजे बंदच. आणि इंग्लंडमधला माणूस "द मिल्क हॅज गॉन ऑफ" म्हणाला तर दूध नासलं. एकच गो ऑफ, एकदा सुरू, एकदा बंद, एकदा खराब. तेव्हा मला वाटलं ही भाषाच लबाड आहे.

नंतर एकदा घरी भाचीला शिकवताना लक्षात आलं, की आपण काय कमी आहोत का? शाळा सुटली म्हणजे संपली. वारा सुटला म्हणजे सुरू झाला. गाडी सुटली म्हणजे निघाली, नोकरी सुटली म्हणजे गेली, तोंडाला पाणी सुटलं म्हणजे आलं, आणि पोट सुटलं म्हणजे तर ते कुठेच गेलं नाही, उलट वाढलं. सुटणे एकच, आणि आपल्याला यातलं एकही कुणी पाठ करायला दिलं नव्हतं. म्हणून जो कोणी फ्रेजल व्हर्बची लिस्ट पाठ करत बसलाय त्याला माझं पहिलं सांगणं, लिस्ट बाजूला ठेव, आधी आपली भाषा बघ.

फ्रेजल व्हर्ब म्हणजे साधं क्रियापद, गेट, पुट, टेक, टर्न, लुक असलं काहीतरी, आणि त्याच्या शेपटीला अप, ऑफ, आऊट, डाऊन असा एक चिमुकला शब्द, आणि दोघं मिळून अर्थ तिसराच. आपण हेच काम दुसरं क्रियापद लावून करतो. करून टाक, यातल्या टाक मध्ये कुणी काही टाकत नाही. बोलून बसला, यात कुणी खाली बसत नाही. निघून जा, लिहून घे, देऊन ये, सांगून ठेव, सगळं तसंच. इंग्रजीने ते काम छोट्या शब्दांना दिलंय, आपण क्रियापदांना दिलंय, एवढाच फरक. त्यामुळे "ईट अप" ला खाऊन टाक, "युज अप" ला वापरून संपवून टाक, "टेअर अप" ला फाडून टाक, असं लावलं की अप म्हणजे वर हे डोक्यातून निघतं. बऱ्याच ठिकाणी अप म्हणजे टाक, काम पूर्ण करून मोकळं व्हायचं. अर्थात सगळीकडे नाही, आमच्या गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आल्यावर पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत आलं तर ते "केम अप" च, तिथे अप म्हणजे खरोखर वर, आणि ओसरलं की "वेंट डाऊन". आधी सरळ अर्थ लागतो का बघायचं, नाही लागला तर टाक लावून बघायचं.

डाऊन चं सगळ्यात सोपं उदाहरण तर आपल्या शाळेतच होतं. सर फळ्यावर लिहायचे आणि म्हणायचे उतरवून घ्या. आता उतरवून म्हणजे खालीच ना? कॉपी डाऊन, राईट डाऊन, टेक डाऊन, सगळं उतरवून घेणंच आहे. हे मला कळलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीत सरळ होऊन बसलो.

ऑफ वर जरा थांबतो, कारण माझं नाक त्याच्यावरच कापलं गेलंय. ऑफ चा मुळातला भाव मी सुटणे, अलग होणे असा धरतो. बूट काढणे टेक ऑफ, ओझरहून विमान उडालं तेही टेक ऑफ, जमिनीपासून सुटलं ना. बसमधून उतरणे गेट ऑफ. कुणाला मुंबई नाक्यावर सोडणे ड्रॉप ऑफ. नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसवर पोचवायला जाणे आणि गाडी हलेपर्यंत हात हलवणे, सी ऑफ. कर्ज फेडून टाकणे पे ऑफ, मानेवरून एकदाचं सुटलं. मिटिंग पुढे ढकलणे पुट ऑफ, आणि रद्दच करणे कॉल ऑफ, या दोघांत गल्लत करू नका, पुट ऑफ म्हटलं तर समोरचा नवी तारीख विचारणार आणि कॉल ऑफ म्हटलं तर विषय संपला. आणि अलार्म, बंदूक, फटाका यांचं गो ऑफ म्हणजे आपलं गोळी सुटली, बाण सुटला, त्यातलंच. आतलं काहीतरी सुटून बाहेर आलं. एवढा धागा तेव्हा धरला असता तर माझे दोन दिवस वाचले असते.

आऊट चं थोडक्यात, एक तर बाहेर पडणे आणि दुसरं म्हणजे शेवटपर्यंत जाणे किंवा उलगडणे. फाइंड आऊट, शोधून काढणे, यातलं काढणे बघा, आपणही बाहेरच काढतो. वर्क आऊट म्हणजे गणित सोडवणे, जिममधला व्यायाम करणे, आणि "इट डिड नॉट वर्क आऊट" म्हणजे नाही जमलं. रन आऊट म्हटलं की आपल्याला क्रिकेटच आठवतं, पण "वी हॅव रन आऊट ऑफ गॅस" म्हणजे सिलिंडर संपला. ऑन म्हणजे चालू ठेवणे, कॅरी ऑन, गो ऑन, कीप ऑन, चालू द्या चालू द्या. बॅक आणि अवे ला काही सांगायला नको, ते जसे दिसतात तसेच बहुतेक वेळा वागतात.

आता यावर कुणी म्हणेल की मग सगळे अर्थ असेच निघतील. नाही निघणार. गिव्ह अप मध्ये देणेही नाही आणि वरही नाही. तिथे शब्द फोडत बसायचं नाही, सरळ मराठी वाक्प्रचार शेजारी ठेवायचा. गिव्ह अप म्हणजे हात टेकणे, "आय गिव्ह अप" म्हणजे बाबा मी हात टेकले. सवय असेल तर सोडून देणे, "ही गेव्ह अप टोबॅको", तंबाखू सोडली. टर्न अप म्हणजे उगवणे, सहाला बोलावलं आणि हा आठला उगवला, डिक्शनरीतल्या उपस्थित होणे पेक्षा उगवणे किती बरोबर बसतं बघा. लेट डाऊन म्हणजे तोंडघशी पाडणे. शो ऑफ म्हणजे शायनिंग मारणे. ब्रिंग अप म्हणजे विषय काढणे, जेवताना कशाला तो विषय काढला, "व्हाय डिड यू ब्रिंग इट अप", आणि मुलं लहानाची मोठी करणे हेही ब्रिंग अप. टेक ऑन म्हणजे काम अंगावर घेणे, इथे ऑन म्हणजे अंगावर, चपखल. गेट बाय म्हणजे भागणे, एवढ्या पगारात भागतं का तर भागतं, "वी गेट बाय". मेक डू विथ म्हणजे आहे त्यात भागवून घेणे. गेट अलाँग विथ म्हणजे पटणे, सासू-सुनेचं पटतं, "दे गेट अलाँग". पुट अप विथ म्हणजे सोसणे, खपवून घेणे. लुक ची मात्र वेगळीच फौज आहे, लुक फॉर शोधणे, लुक आफ्टर सांभाळणे, लुक इनटू चौकशी करणे, लुक डाऊन ऑन तुच्छ लेखणे, लुक अप टू आदर वाटणे, आणि नुसतं लुक अप म्हणजे डिक्शनरीत किंवा फोनवर शब्द बघणे. तरी एक इशारा, आपल्या सरकारी ऑफिसातलं "बघतो" म्हणजे लुक इनटू नव्हे, त्याला इंग्रजीत अजून शब्द निघायचाय.

आपण यात का अडतो याचं माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. मी निफाड तालुक्यातल्या मराठी शाळेतला, आम्हाला एबीसीडी लागली पाचवीत, आणि पुढे जे शब्द शिकलो ते सगळे जड, पोस्टपोन, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट, कॅन्सल. पुस्तकात तेच, पेपरात तेच, निबंधात तेच. त्यामुळे इंग्रजी पेपरचा अग्रलेख कळतो आणि दोन मिनिटांचा फोन कळत नाही, अशी उलटी गत. फोनवरचा माणूस पोस्टपोन म्हणत नाही, तो पुट ऑफ म्हणतो, टॉलरेट ऐवजी पुट अप विथ म्हणतो. कल्पना करा एखादा परदेशी माणूस मराठी शिकून आलाय आणि मिसळ खाताना तुम्हाला म्हणतोय "सदर बैठक स्थगित करण्यात आलेली आहे". चूक काहीच नाही, पण पाव घशात अडकेल. आपलं इंग्रजी त्यांना तसंच ऐकू येतं, जीआर वाचल्यासारखं. अर्जात, लेखी कंप्लेंटमध्ये, रिपोर्टमध्ये पोस्टपोनच ठेवा, तिथे तेच शोभतं.

आणि ही अडचण फक्त आपल्याला आहे असं समजून कमीपणा घेऊ नका. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली इंग्रजीची मोठी डिक्शनरी काढली, तिच्या प्रस्तावनेतच त्यांनी लिहून ठेवलंय की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची आमची जी तऱ्हा आहे ती परक्या माणसाला सगळ्यात अवघड जाते. तेव्हा फ्रेजल व्हर्ब हे नावसुद्धा रूढ नव्हतं, ते १९२५ मध्ये लेखक लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी छापलं, सुचवलं होतं ऑक्सफर्ड डिक्शनरीचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी.

आता व्याकरणातली एकच गोष्ट, पण ही खरंच शिका, कारण इथे ऐकणाऱ्याला लगेच खटकतं. काही फ्रेजल व्हर्ब मधून फुटतात. "टर्न ऑफ द फॅन" चालतं, "टर्न द फॅन ऑफ" पण चालतं. पण फॅनच्या जागी इट आला की तो मध्येच घुसणार, "टर्न इट ऑफ", "टर्न ऑफ इट" नाही. तसंच "पिक मी अप", "कॉल यू बॅक", "फिल इट इन", "पुट इट ऑफ". मी, यू, हिम, हर, इट, देम ही छोटी माणसं दोघांच्या मध्ये बसतात, गाडीवर आईबाबांच्या मध्ये पोर बसतं तसं. पण सगळेच फुटत नाहीत. लुक आफ्टर फुटत नाही, "लुक आफ्टर हिम" च म्हणायचं. रन इनटू म्हणजे अचानक गाठ पडणे, "आय रॅन इनटू हर ॲट सीबीएस", हेही फुटत नाही. आणि तीन शब्दांचे, रन आऊट ऑफ, पुट अप विथ, लुक फॉरवर्ड टू, हे सहसा एकसंध राहतात. कोणता फुटतो आणि कोणता नाही हे ओळखायला लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेली, उघडायची, तिथे टर्न समथिंग ऑफ असं समथिंग मध्ये छापलेलं दिसलं की फुटतो, आणि लुक आफ्टर समबडी असं शेवटी दिसलं की नाही फुटत. मला हे कळायला किती वर्षं गेली विचारू नका, डिक्शनरीत ते समथिंग कशाला लिहितात असं वाटायचं, मी ते सोडून पुढे वाचायचो.

जाता जाता बोलण्यातली एक गोष्ट, जोर बहुतेक वेळा मागच्या शब्दावर द्यायचा, गिव्ह अप मध्ये अप वर. तोच शब्द नाम झाला की एकत्र लिहितात आणि जोर पुढे सरकतो. आमच्या खात्यात तर दिवसभर ब्रेकडाऊन ब्रेकडाऊन चालू असतं, "ब्रेकडाऊन आलाय" म्हणतो आपण, ते नाम झालं, एक शब्द, जोर ब्रेक वर. क्रियापद करताना "द मशीन ब्रोक डाऊन" म्हणायचं, "मशीन गॉट ब्रेकडाऊन" नाही. कसारा घाटात गाडी बंद पडली तरी "द बस ब्रोक डाऊन". तसंच लॉग इन करायचं आणि लॉगिन विसरायचा, बॅक अप करायचं आणि बॅकअप सापडत नाही म्हणून बोंबलायचं. पिकअप चं तर आपण पार सोनं केलंय, कांदा लासलगावला न्यायची गाडी पिकअप, आणि बाईक चढाला रडायला लागली की पिकअप घेत नाही. इंग्रजीत भाव किंवा धंदा सुधारला की पिक अप होतो, माणसाला घ्यायला जाणे पिक अप, फोन उचलणे पिक अप, आणि कानावर पडून भाषा आपोआप येणे तेही पिक अप.

आपल्याकडे खास रुळलेल्या चुका वेगळ्या सांगतो. सगळ्यात भारी म्हणजे "आय ॲम स्टक अप ॲट द्वारका". द्वारका सर्कलला अडकणं हा नाशिककरांचा जन्मसिद्ध हक्क आहे, पण स्टक अप म्हणजे शिष्ट, नाक वर करून चालणारा. म्हणजे तुम्ही साहेबांना कळवलंत की मी द्वारकेवर आलोय आणि मला गर्व झालाय. "स्टक इन ट्रॅफिक" म्हणा किंवा "हेल्ड अप" म्हणा. दुसरं, "आय पास्ड आऊट इन २०१६". आपल्यासाठी डिग्री मिळाली, पण अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या माणसासाठी तुम्ही २०१६ मध्ये चक्कर येऊन पडलात. सैनिकी ट्रेनिंग पूर्ण करणाऱ्यांना ब्रिटिश इंग्रजीत पास आऊट म्हणतात, पासिंग आऊट परेड त्यातूनच, पण कॉलेजसाठी ग्रॅज्युएटेड म्हणा, इंटरव्ह्यूला तर नक्कीच. कोप अप विथ मधला अप फुकटचा आहे, कोप विथ एवढंच. तो अप बहुतेक कीप अप विथ आणि कॅच अप विथ यांच्या संगतीने घुसला असावा, त्या दोघांत तो बरोबर आहे. फॉर्मला फिल इन किंवा फिल आऊट, फिल अप पेट्रोलच्या टाकीला. बसमधून गेट डाऊन होत नाही, गेट ऑफ, आणि कार किंवा रिक्षातून गेट आऊट, याला कुणी हाकलून देतंय असं समजू नका. फोन ठेवणे हँग अप आणि जरा थांबा हँग ऑन, हे उलटसुलट झालं तर समोरचा थांबायच्या ऐवजी फोन ठेवून देईल. आणि मेलच्या शेवटी "लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू" नाही, "मीटिंग यू".

रोज काय करायचं ते सांगतो, मी हेच केलं आणि आता भाचीकडून करून घेतोय. फोनची भाषा इंग्रजी ठेवा, साइन अप, लॉग आऊट, सेट अप, टर्न ऑन, स्क्रोल डाऊन, बॅक अप, हे रोज बोटाखालून जातात, फक्त थांबून वाचत नाही आपण. मग दिवसाला दोन, फार तर तीन, जास्त नको. एक वही, डाव्या बाजूला तुमच्या दिवसातलं खरं मराठी वाक्य, उजव्या बाजूला इंग्रजी, आणि त्याखाली तेच वाक्य इट किंवा हिम घालून. अर्थ असा रकाना ठेवायचाच नाही. लिस्टमध्ये एकाखाली एक गेट अप, गेट ऑन, गेट ऑफ, गेट ओव्हर असं लिहिलं की चारही एकमेकांत मिसळतात आणि एकही आठवत नाही, त्यापेक्षा जागेप्रमाणे लिहा, बसमधले वेगळे, फोनवरचे वेगळे, ऑफिसचे वेगळे. आमच्या शिफ्टचं पान असं आहे, "सेकंड शिफ्टला चार्ज देऊन निघालो" याला हँड ओव्हर, "त्याने चार्ज घेतला" याला टेक ओव्हर, "ऑइल संपत आलंय" याला "वी आर रनिंग आऊट ऑफ ऑइल", "तो पंप बंद कर" याला "स्विच इट ऑफ".

भाचीच्या वहीतलं परवाचं पान बघितलं, डावीकडे लिहिलेलं, "मम्मीने पार्लरची अपॉइंटमेंट पुढे ढकलली". उजवीकडे पुट ऑफ बरोबर होतं, खालच्या ओळीत "पुट ऑफ इट" लिहून खोडलेलं आणि शेजारी "पुट इट ऑफ". मी म्हटलं हे कुणी सांगितलं तुला, तर म्हणे कुणी नाही मामा, ते कानाला बरं नाही वाटलं. मग मी पुढचे दोन शब्द दिले, गेट ओव्हर आणि मेक अप, आणि सांगितलं की मेक अप म्हणजे फक्त लिपस्टिक नाही, मनाने रचून सांगणे पण आहे आणि भांडण मिटवणे पण आहे, तिन्हीची वाक्यं उद्या पाहिजेत.